क्वालिटीतून डेटा सायन्सकडे जायचंय. क्लास लावू का, आणि मुलाखतीत नेमकं काय विचारतात?

चाकणकर

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स केलं आणि चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागलो. काम म्हणजे इनकमिंग आणि फायनल इन्स्पेक्शनचा डेटा एक्सेलमध्ये भरणं, पिव्होट, व्हीलुकअप, महिन्याच्या रिव्ह्यूला रिजेक्शनचा पॅरेटो (कोणत्या कारणाने किती, उतरत्या क्रमाने), आणि कस्टमरचं ऑडिट आलं की सीपीके काढून देणं (प्रोसेस ठरलेल्या मर्यादेत किती आरामात बसते, त्याचा आकडा). पायथन जेमतेम, म्हणजे पांडाज या लायब्ररीने दहा फाइली जोडून एक करण्याइतपत. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कॉलेजात होतं तेवढंच.

आता डेटा सायन्समध्ये शिरायचं मनावर घेतलंय. पुण्यातल्या एका क्लासने अडीच लाख सांगितले. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतात, हप्त्यांचीही सोय आहे. घरचे म्हणतात चांगली पर्मनंट नोकरी आहे, कशाला नसत्या फंदात पडतोस. क्लास लावावा का? क्वालिटीतला अनुभव धरतील की फ्रेशर म्हणून पहिल्यापासून सुरुवात? आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे, एका कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी मुलाखत ठरली आहे, पंधरवडा हातात आहे. पहिली फेरी एसक्यूएलची, दुसरी केस स्टडीची, असं एचआर म्हणाली. काय करून जाऊ?

रिकामटेकडा

एआय आता क्वेरी लिहितं, चार्ट काढतं, वर निष्कर्षही लिहून देतं. तुम्ही शिकून बाहेर पडेपर्यंत ही जागाच उरणार नाही. चाकणलाच रहा, गाड्यांना पार्ट लागतच राहणार.

खडीसाखर

रिकामटेकडा, क्वेरी लिहून मिळते हे खरंय. ती चुकीची आहे हे ओळखणारं माणूस मात्र अजून पगारावर ठेवावं लागतं, आणि ते मिळता मिळत नाही.

चाकणकर, मी खराडीला एका कंपनीत अ‍ॅनालिटिक्सची टीम बघते. मुलाखती घेणं हा कामाचाच भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'डेटा सायन्स' नावाची एकच नोकरी नसते. अ‍ॅनालिस्ट धंद्याच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतून काढतो, डेटा इंजिनिअर तो डेटा वेळेवर आणि धड पोचेल हे बघतो, डेटा सायंटिस्ट अंदाज बांधतो आणि प्रयोग आखतो, एमएल इंजिनिअर मॉडेल रोज चालतं ठेवतो. कंपन्या या पाट्या सर्रास अदलून बदलून लावतात, तेव्हा जाहिरातीत वरचं नाव सोडून खाली लिहिलेलं काम वाचा. तुमच्यासाठी अ‍ॅनालिस्टचीच वाट बरोबर आहे. तिथून पुढे सरकता येतं.

अनुभवाचं म्हणाल तर तुम्ही 'सीपीके काढून देणं' असं जाता जाता लिहिलंत, ते वाचून मला हसू आलं. मुलाखतीला येणाऱ्या निम्म्या मुलांच्या सीव्हीवर न्यूरल नेटवर्क असतं आणि स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय विचारलं की शांतता. तुम्ही कंट्रोल चार्ट बघून प्रोसेस बिघडली आहे की नुसता रोजचा चढउतार आहे हे ठरवता. वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९२४ साली तो चार्ट मांडला तो याच प्रश्नासाठी, आणि अ‍ॅपच्या ऑर्डरी एका दिवशी खाली आल्या की आम्ही ऑफिसात तोच प्रश्न विचारतो. सीव्हीवर 'क्वालिटी रिपोर्ट बनवले' असं लिहू नका. कोणत्या पार्टचं रिजेक्शन कशामुळे होत होतं, ते डेटात तुम्हाला कुठे दिसलं आणि त्यावर कंपनीने काय केलं, एवढं तीन ओळींत लिहा.

आता एसक्यूएल. सिंटॅक्स एक आठवड्यात येतं. आम्ही बघतो ते खाचखळग्यात पाय अडकतो का. तुमच्याच कामातलं घ्या. एक तक्ता मशीनचा, दुसरा रिजेक्शनच्या नोंदींचा. प्रश्न: जून महिन्यात प्रत्येक मशीनवर किती रिजेक्शन? दहातली सहा मुलं लेफ्ट जॉइन (पहिल्या तक्त्यातली प्रत्येक ओळ ठेवून दुसरा तक्ता जोडणं) करतात आणि खाली 'व्हेअर'मध्ये नोंदीची तारीख जूनची अशी अट घालतात. झालं! ज्या मशीनवर जूनमध्ये एकही रिजेक्शन नाही तिची तारीख एकतर नल, म्हणजे रिकामी येते किंवा दुसऱ्याच महिन्याची असते, अट पास होत नाही आणि मशीन यादीतूनच गायब. लेफ्ट जॉइन नावालाच उरला. अट 'ऑन'मध्ये, म्हणजे तक्ते जोडायच्या अटीतच न्यायची, आणि मोजताना 'काउंट स्टार' न वापरता नोंदीच्या आयडीचा काउंट घ्यायचा, नाहीतर शून्याच्या जागी एक येतो. एवढा एक प्रश्न नीट सुटला तर मी पुढचे दोन विचारतच नाही.

याखेरीज व्हेअर आणि हॅविंग, रँक आणि डेन्स रँक, रो नंबर लावून प्रत्येक मशीनची शेवटची नोंद काढणं, लॅग वापरून आदल्या महिन्याशी तुलना, आणि 'नॉट इन'च्या यादीत एक जरी नल आला तरी उत्तर रिकामं का येतं, एवढं हाताने लिहून बघा. हाताने म्हणजे स्क्रीनवर, पण सुचवणी बंद करून.

केस स्टडीचं नंतर लिहिते, मीटिंग आहे.

चाकणकर

खडीसाखर ताई, मनापासून आभार. जूनच्या मशीनवालं आत्ताच करून बघितलं. दोन मशीन खरंच उडाल्या!

एक शंका. प्रोजेक्ट दाखवायचा तर आमच्या रिजेक्शनचाच डेटा घेऊन गिटहबवर टाकला तर चालेल का? पार्टची नावं बदलून.

खडीसाखर

अजिबात नको! नावं बदलली तरी तो कंपनीचा डेटा आहे, नोकरीच्या करारात गोपनीयतेचं कलम असणारच. आणि मुलाखत घेणारा मनात पहिला विचार काय करेल, तर हा उद्या आमचाही डेटा असाच चव्हाट्यावर टाकेल.

तुमच्या विषयातला खुला डेटा आहे की. यूसीआय या अमेरिकन विद्यापीठाच्या संग्रहात 'सेकॉम' नावाचा सेमीकंडक्टर कारखान्याचा डेटा शोधा. १५६७ नोंदी, सेन्सरचे सुमारे ५९० रकाने, त्यांना नावं नाहीत, जागोजागी भोकं. त्यात फेल फक्त १०४. म्हणजे डोळे मिटून 'सगळे पास' म्हटलं तरी अचूकता ९३ टक्क्यांच्या वर जाते आणि एकही खराब पार्ट सापडत नाही. अ‍ॅक्युरसी का फसवते, प्रिसिजन (खराब म्हटलेल्यांतले खरंच खराब किती) आणि रिकॉल (खऱ्या खराबांतले सापडले किती) कशाला बघायचे हे तुम्हाला तिथे पाठ करावं लागणार नाही. तुमच्या धंद्यात खराब पार्ट कस्टमरकडे जाणं महाग की चांगला पार्ट भंगारात जाणं महाग, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. कटऑफ कुठे ठेवायचा ते त्यावरून ठरतं.

उसगावकर

मी इथे अमेरिकेत बे एरियात आहे. माझं मत थोडं वेगळं. लीटकोडवरचे (कोडिंगच्या सरावाची साइट) मीडियम प्रश्न कराच, अल्गोरिदमची फेरी कुठेही येऊ शकते. शिवाय डीप लर्निंग, ट्रान्सफॉर्मर, सगळं निदान तोंडओळखीपुरतं हवं. इथे त्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही.

सरासरी_माणूस

उसगावकर, तिथल्या एमएल इंजिनिअरच्या जागेसाठी बरोबर आहे. पण यांच्याकडे पंधरवडा आहे आणि जागा अ‍ॅनालिस्टची. बायनरी ट्री उलटा करत बसले तर लेफ्ट जॉइन राहून जायचा.

निवृत्त मास्तर

संख्याशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे राहवत नाही.

चाकणकर, तुम्ही बी.एस्सी.ला जे शिकलात ते जुन्या वह्या काढून पुन्हा वाचा. मुलाखतीत पी-व्हॅल्यू हमखास विचारतात आणि हमखास चुकीचं उत्तर मिळतं. 'शून्य गृहीतक (मुळात फरक नाहीच, हे गृहीतक) खरं असण्याची शक्यता' हे उत्तर चूक आहे. गृहीतक खरं आहे असं धरून चाललो, तर हाती आलाय इतका किंवा याहून टोकाचा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, ते पी-व्हॅल्यू सांगते.

बेझचं एक गणित तोंडी करता यायला हवं. दहा हजार माणसं, आजार एक टक्का लोकांना, म्हणजे शंभरांना. चाचणी आजारी माणसाला ९९ टक्के वेळा पकडते आणि निरोगी माणसाला ५ टक्के वेळा उगाच आजारी ठरवते. मग शंभरातले ९९ सापडले, पण ९,९०० निरोगी लोकांतले ४९५ देखील सापडले. एकूण ५९४ जणांची चाचणी पॉझिटिव्ह, त्यातले खरे आजारी ९९. सहात एक. सूत्र आठवलं नाही तरी चालेल, दहा हजार माणसं डोळ्यांपुढे उभी करा.

आणि सरासऱ्यांची सरासरी काढू नका. पहिल्या पाळीत १००० पार्टांत १० खराब, दुसऱ्या पाळीत १०० पार्टांत ५ खराब. एक टक्का आणि पाच टक्के, सरासरी तीन टक्के, असं सांगणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत. खरा आकडा ११०० मध्ये १५, म्हणजे १.३६ टक्के.

थोडं अवांतर, पण मुलाखतीत उपयोगी पडेल. 'डेटा भरपूर असला की उत्तर बरोबर येतंच' हा समज आजकाल फार आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस या दोन संख्याशास्त्रज्ञांत १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहणीवरून चांगलाच वाद झाला होता. शेतात लहानसा तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं, तोलायचं आणि त्यावरून एकरी उत्पन्न काढायचं, अशी पद्धत. महालनोबीसांचा कल लहान वर्तुळाकार तुकड्यांकडे होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न फुगून येतं. का? तर कडेवरची रोपं कापणाऱ्याच्या हातून आत धरली जातात, आणि तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते. असे हजारो तुकडे कापले तरी चूक कमी होत नाही, कारण प्रत्येक तुकडा एकाच बाजूला चुकतोय. मोठा नमुना योगायोगाची चूक कमी करतो, मोजण्यातला कल जसाच्या तसा ठेवतो. तुम्ही मोजमापाच्या गेजचं कॅलिब्रेशन करता, त्यामागेही हीच काळजी आहे ना?

(पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ साली वि. स. हुजूरबाजारांनी उभा केला. या विषयाची परंपरा आपल्या दारात आहे आणि मुलं अडीच लाख देऊन सरासरी शिकतात, याचं वाईट वाटतं.)

रिकामटेकडा

मास्तर, सुखात्म्यांचा किस्सा जबरी. वाचनखूण साठवली. एआयला हे विचारून बघतो.

निफाडकर

प्रोजेक्टबद्दल लिहितो, कारण मी स्वतः त्यातून गेलोय आणि आता नाशिकला बसूनच एका कंपनीचं रिमोट काम करतो.

टायटॅनिक आणि आयरिस हे शिकाऊंचे नेहमीचे डेटासेट सीव्हीवरून काढून टाका. ८९१ प्रवासी आणि १५० फुलं मुलाखतकारांना तोंडपाठ झालीत. मी घरचाच विषय घेतला होता, लासलगावचा कांद्याचा भाव. डेटा फुकट आहे, बाजारभावाच्या सरकारी साइटवर, म्हणजे अ‍ॅगमार्कनेटवर रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतो. वाटलं आठवड्याभराचं काम. मॉडेल खरंच दोन तासांत झालं. बाकी सगळा वेळ डेटा समजून घेण्यात गेला, आणि मुलाखतीत मला त्याच वेळाबद्दल विचारलं गेलं.

उदाहरणार्थ, लासलगाव नावाचा एकच बाजार यादीत नाही. मुख्य बाजार आहे, शिवाय विंचूर आणि निफाडचे उपबाजार वेगळ्या नावाने येतात. सगळे एकत्र करायचे तर आवकेच्या वजनाने करायचे (मास्तरांचं पाळीचं गणित!). आवक अ‍ॅगमार्कनेटवर टनात आणि आपल्या पणन मंडळाच्या साइटवर क्विंटलमध्ये. दोन्ही न बघता चिकटवले की दहापट घोळ. दिवाळीत लिलाव बंद असतात, ते दिवस रिकामे. तिथे शून्य भरलं तर मॉडेलला वाटतं कांदा फुकट वाटला. शिवाय लाल कांदा आणि उन्हाळ कांदा हे बाजारात दोन वेगळे माल आहेत. उन्हाळ चाळीत टिकतो, लाल टिकत नाही, शेतकऱ्याला तो लगेच विकावा लागतो. दोघांचे भाव एका रकान्यात घातले की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास आलेख वेड्यासारखा उड्या मारतो आणि लोक त्याला 'सीझनॅलिटी' म्हणतात.

मग राजकारण. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, त्याच्या निषेधात नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ पासून थेट निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. मागच्या भावावरून पुढचा भाव सांगणाऱ्या कुठल्याही मॉडेलला हे कळणार कुठून? मी अहवालात तो काळ वेगळा काढून दाखवला आणि सरळ लिहिलं की इथे माझं मॉडेल चालत नाही. मुलाखतकाराने त्याच पानावर थांबून अर्धा तास घेतला.

दोन गोष्टी पक्क्या करून ठेवा. टेस्टसाठी नोंदी सरमिसळ करून निवडायच्या नाहीत, तारखेने कापायच्या. नाहीतर उद्याचा भाव बघून कालचा भाव सांगितल्यासारखं होतं. आणि 'उद्याचा भाव म्हणजे आजचाच भाव' हे बिनडोक मॉडेल आधी मांडा. कांद्यात त्याला हरवणं किती अवघड आहे ते कळलं की 'रँडम फॉरेस्टने ९५ टक्के अचूकता' असली वाक्यं आपोआप बंद होतात.

सरासरी_माणूस

क्लासबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, मी लिहितो. असल्या एका क्लासमध्ये मी काही काळ शिकवायला होतो, नाव घेत नाही.

'हप्त्यांची सोय' म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज. पैसे क्लासला एकरकमी मिळतात, हप्ते तुम्ही भरता. क्लास मध्येच गुंडाळला किंवा तुम्ही सोडला तरी हप्ता थांबत नाही, चुकला तर सिबिल बिघडतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची व्याख्या करारात वाचा. आमच्याकडे ती 'मुलाखतीची संधी मिळवून देणे' अशी होती. दहा मुलाखतींच्या लिंक पाठवल्या की क्लासचं कर्तव्य संपलं.

आणि कुणी 'दोन वर्षांचा डेटा सायन्सचा अनुभव दाखवून देतो' म्हणालं तर तिथूनच उठून चालू लागा. पीएफच्या यूएएनवर तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरीला होतात ते दिसतं, पडताळणी करणारे तेच बघतात. रुजू झाल्यावर पकडलं तर हातची नोकरी गेली आणि आधीची तर सोडलेलीच असते.

शिकायचंच तर एनपीटीईएलचे व्हिडिओ फुकट आहेत. पदवीच हवी असेल तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. आहे, पण ती नोकरी सांभाळून करायची तर काही वर्षांचा मामला आहे. अडीच लाखांत बरा लॅपटॉप घ्या आणि उरलेले एफडीत टाका.

खडीसाखर

राहिलेलं केस स्टडीचं. नमुन्याचा प्रश्न: 'आपल्या अ‍ॅपवर चिकन-मटणाच्या ऑर्डरी गेल्या आठवड्यात २० टक्के घटल्या. काय कराल?' लोक लगेच मॉडेल बांधायला घेतात. आधी विचारा, आकडा खरा आहे का? नोंदी येणं कुठे बंद पडलंय का, 'ऑर्डर'ची व्याख्या कुणी बदलली का, रद्द झालेल्या ऑर्डरी आधी धरत होते आणि आता नाही असं झालंय का? मग तुकडे पाडा. सगळ्या शहरांत घट आहे की फक्त पुण्या-मुंबईत, नव्या गिऱ्हाइकांत की जुन्या? लोक अ‍ॅप उघडतच नाहीत की पैसे भरताना अडकतात? चेन्नईत घट नाही आणि महाराष्ट्रात आहे असं दिसलं तर कॅलेंडर बघा, श्रावण लागला असेल. गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करूनही भागत नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे निज श्रावण लांबला. तिथीप्रमाणे तुलना करावी लागते. हे मराठी माणसाला चटकन सुचतं, त्याचा फायदा घ्या.

बोलत बोलत विचार करा, गप्प बसून नको. आणि शेवटी 'आता मी मॅनेजरला काय सांगेन' हे दोन वाक्यांत सांगा. तिथेच बरीच मुलं घसरतात.

चाकणकर

मंडळी, खबरबात देतो. दोन्ही फेऱ्या झाल्या.

एसक्यूएलमध्ये दुकानं आणि विक्रीचे तक्ते होते, प्रश्न हुबेहूब लेफ्ट जॉइनचाच! ज्या दुकानात विक्री शून्य तेही दिसायला हवं होतं. अट ऑनमध्ये घातली तेव्हा मुलाखत घेणाऱ्या बाईंनी 'इथे का?' विचारलं, ताईंचं स्पष्टीकरण माझ्या शब्दांत दिलं. दुसरा प्रश्न प्रत्येक ग्राहकाच्या पहिल्या खरेदीचा, रो नंबरने झाला.

केसमध्ये एका कारखान्याच्या वॉरंटी क्लेमचा डेटा समोर ठेवला आणि कुठल्या गाड्या परत येतील हे सांगणारं मॉडेल सुचवा म्हणाले. रकान्यांत 'दुरुस्तीचा खर्च' होता. मी म्हटलं हा रकाना आधी बाजूला काढू, तो गाडी परत आल्यावरच भरला जातो, अंदाज करतेवेळी आपल्याकडे नसणार. तिथून गप्पा फायनल इन्स्पेक्शनवर गेल्या आणि वेळ कसा गेला कळलं नाही. सीपीके १.३३ असूनही कस्टमरकडून तक्रार कशी येऊ शकते, असं त्यांनी विचारलं. यावर मी अख्खा दिवस बोलू शकतो! प्रोसेस स्थिर नसताना काढलेला सीपीके, निवडून घेतलेले नमुने, गेजची चूक, सगळं सांगितलं. पी-व्हॅल्यू विचारलीच नाही, मास्तर.

आज एचआरचा फोन आला, 'सिलेक्टेड' म्हणाली. अडचण अशी की माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे आणि त्यांना माणूस ३० दिवसांत हवाय. लगेच राजीनामा टाकू का?

सरासरी_माणूस

अभिनंदन! पण नुसत्या फोनवर विसंबून राजीनामा टाकू नका. सही केलेलं ऑफर लेटर हातात येऊ द्या, त्यात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती ते वेगळं वाचा. नुसता सीटीसीचा आकडा बघून हुरळू नका. मग तुमचं जुनं नेमणूकपत्र काढा. नोटीस विकत घेता येते का, आणि हिशोब बेसिकवर आहे की पूर्ण पगारावर, ते तिथे लिहिलेलं असतं. बायआउटचे पैसे नवी कंपनी देणार असेल तर ते ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या, एचआरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

खडीसाखर

अभिनंदन, चाकणकर! ३० दिवस हे त्यांचं मागणं असतं, बहुतेक वेळा ४५-६० वर तडजोड होते. मॅनेजरशी बोला, तुमच्या जागी येणाऱ्याला काम शिकवून देतो म्हणून सांगा. रिलीव्हिंग लेटर न घेता निघू नका, आणि लॅपटॉपवरचा रिजेक्शनचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्यायचा मोह होईल, तो तिथेच राहू द्या.

निफाडकर

पार्टी कुठे? कांदाभजी चालतील, सध्या भाव उतरलेत.